विहिरीवरच्या पंपामागचे नाव : लक्ष्मणराव किर्लोस्कर
शेळगाव (ता. इंदापूर) : शेतातल्या पंपावर दिसणारे किर्लोस्कर हे नाव लक्ष्मणरावांचे. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. आधी बेळगावात सायकलचे दुकान काढले, मग लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली.

औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९२६ च्या सुमारास तिथे पंप बनू लागले. पुढे गावोगावी मोटा बंद झाल्या, बैलांचे हाल थांबले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले.

आता शासनाच्या योजनेत काही हिस्सा भरून सौरपंप मिळतो. चालेल का, टिकेल का, ही शंका मात्र नांगराच्या वेळचीच आहे.