चापू ते मलिक अंबर : विकल्या गेलेल्या एका मुलाची जीवनकथा

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशाच्या किनाऱ्याजवळ एक छोटेसे बेट आहे. त्याचे नाव गोरे. मराठी कानाला या नावातील योगायोग खटकल्यावाचून राहत नाही, कारण या बेटावरून काळ्या माणसांचा व्यापार चालत असे. तेथील गुलामांचे घर पाहावयास जगभरातून लोक येतात. २२ फेब्रुवारी १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल त्या घराच्या समुद्राकडे उघडणाऱ्या दारापाशी गेले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्ती लोकांनी या व्यापारात जे पाप केले त्याबद्दल त्यांनी क्षमायाचना केली. पुढच्याच वर्षी त्यांनी बेनिन देशात वुडू परंपरेच्या अनुयायांची भेट घेतली. ज्यांच्या पूर्वजांना जहाजात कोंबून नेले गेले, त्यांच्याशी आणि त्यांच्या श्रद्धांशीही ख्रिस्तसभेला आदराने बोलावयाचे आहे, असा त्या भेटीचा अर्थ होता.

बारामती आणि इंदापूरच्या आपल्या धर्मग्रामवासीयांपैकी फार थोड्यांना त्या किनाऱ्यावर जाण्याचा योग येईल. परंतु आफ्रिकेतून विकून आणलेल्या माणसांचा इतिहास पाहण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. ज्या मुलखात आपण राहतो, त्या मुलखाचा कारभार सुमारे पंचवीस वर्षे अशाच एका विकल्या गेलेल्या माणसाच्या हाती होता. शाळेच्या पुस्तकात त्याचे नाव आपण सर्वांनी वाचले आहे. त्याचे बालपण मात्र सहसा कोणी सांगत नाही.

त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव चापू. जन्म इ. स. १५४८ च्या सुमाराचा, इथिओपियातला. तो ओरोमो या जमातीचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे त्याचे घराणे इथिओपियाच्या प्राचीन ख्रिस्ती परंपरेतले नव्हते आणि मुसलमानही नव्हते, पूर्वजांच्या श्रद्धा पाळणारे होते. कोवळ्या वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. त्याला आईबापांनीच विकले असे एका जुन्या फारसी वृत्तांतात म्हटले आहे. दुष्काळात आणि लढायांच्या धामधुमीत पोटचे पोर विकण्याची पाळी लोकांवर येत असे. त्या आईबापांना दोष देण्यापूर्वी आपण थोडे थांबलेले बरे.

तांबडा समुद्र ओलांडून त्याला अरबस्तानातील मोखा बंदरात आणले गेले. तेथे त्याची किंमत ८० गिल्डर ठरली, अशी नोंद एका डच वृत्तांतात सापडते. मोख्याहून त्याला बगदादला नेण्यात आले. तेथील मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याला या मुलाची बुद्धी दिसली. त्याने त्याला लिहावाचावयास शिकविले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले. आपल्या भाषेत अंबर म्हणजे आकाश. तेथे मात्र ते समुद्रातून मिळणाऱ्या एका मौल्यवान सुगंधी द्रव्याचे नाव. गुलामांना रत्नांची आणि सुगंधांची नावे देण्याची तेव्हा रीतच होती, कारण तोही बाजारातला मौल्यवान माल. चापू हे नाव तेथेच संपले.

येथे आम्हाला संत ज्योसेफीन बखिता आठवते. सुदानमधील दार्फूरची ही मुलगी एकोणिसाव्या शतकात पळविली गेली आणि पुनःपुन्हा विकली गेली. भीतीने ती स्वतःचे नावसुद्धा विसरली. बखिता, म्हणजे भाग्यवान, हे नाव तिला पळविणाऱ्यांनीच दिले. पुढे इटलीत १८९० साली तिचा स्नानसंस्कार झाला आणि १ ऑक्टोबर २००० रोजी ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले. अंबरची वाट अगदी निराळी. पण नाव हरवणे हा दोघांचा समान अनुभव होय.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. आश्चर्य असे की, हा चंगीझखान स्वतःच एकेकाळचा हबशी गुलाम होता आणि त्याच्यापाशी हजारभर हबशी गुलाम होते. दख्खनमधील गुलामगिरी अमेरिकेतल्या मळ्यांवरच्या गुलामगिरीसारखी नव्हती. सुलतानांना परके, नातेगोते नसलेले, धन्याशीच बांधलेले सैनिक हवे असत. अशा गुलामाला पराक्रमाने वर चढता येई आणि धनी मेल्यावर तो बहुधा मोकळाही होई. म्हणून ती गुलामगिरी सौम्य होती असे कोणी म्हणेल, तर आम्हाला ते मान्य नाही. घरापासून तोडलेले पोर ते तोडलेलेच.

चंगीझखान मेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्याने करीमा नावाच्या स्त्रीशी विवाह केला, काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली, मलिक ही पदवी मिळविली आणि थोड्याशा स्वारांनिशी तो पुन्हा निजामशाहीत परतला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबीबी मारली गेली. राज्य संपले असे सर्वांना वाटत असता, अंबरने निजामशाही घराण्यातील एका तरुणाला परांड्याच्या किल्ल्यात मुर्तजा या नावाने गादीवर बसविले, त्याला आपली मुलगी दिली आणि स्वतः कारभार हाती घेतला.

परांडा इंदापूरपासून फार लांब नाही. आज महामार्गावरून जाताना ध्यानी येत नाही, परंतु त्या काळी भीमेच्या या पट्ट्यातून निजामशाही आणि आदिलशाही या दोन्ही राज्यांच्या फौजा येत-जात असत. इंदापूरच्या लढाईतच निजामशाहीच्या बाजूने लढताना शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले धारातीर्थी पडले, असे शिवभारत या काव्यात वर्णिले आहे. त्या वेळी शहाजी आणि शरीफजी ही त्यांची मुले अगदी लहान होती. चुलते विठोजी यांनी त्यांना वाढविले. मालोजीराजांची गढी आजही इंदापूरकरांना ठाऊक आहे. आपल्या बारामती तालुक्यातील सुपे हा परगणा आणि पुणे परगणा हे भोसल्यांकडेच होते. मराठा सरदारांची ही घराणी मलिक अंबरच्या छायेखाली वाढली, आणि त्यांच्याच घोड्यांवर त्याने मोगलांना पंचवीस वर्षे थोपवून धरले. समोरासमोर लढाई टाळावयाची, रसद तोडावयाची, रात्री छापा घालावयाचा आणि डोंगरात नाहीसे व्हावयाचे, ही युद्धरीत त्याने आणि मराठ्यांनी मिळून घडविली.

या युद्धरीतीचा कळस म्हणजे १६२४ सालची अहमदनगरजवळील भातवडीची लढाई. मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजा त्याच्यावर चालून आल्या होत्या. अंबरचे वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे गेलेले. त्याने भातवडीच्या तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि रात्रीच्या छाप्यांनी त्यांना बेजार केले. शहाजीराजे या लढाईत नावारूपास आले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी मात्र तेथे कामास आले. इंदापुरात बाप गेला, भातवडीला मुलगा.

बादशहा जहांगीर या हबशाने इतका चिडला होता की, आपण अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मस्तकाला बाण मारीत आहोत असे चित्र त्याच्या दरबारी चित्रकाराने, अबुल हसनने, काढले. ते आज आयर्लंडमधील डब्लिनच्या एका संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही.

आमच्या मते तलवारीपेक्षा त्याचे मोठे काम जमिनीचे. त्याच्या आधी महसुलाचे मक्ते दिले जात. मक्तेदार रयतेकडून हवे तेवढे ओरबाडी. अंबरने मक्तेदारी मोडली, गावोगावच्या जमिनीची प्रत आणि पीक पाहून धारा ठरविला, हिस्सा प्रथम धान्यात आणि पुढे रोखीने घेतला, वसुली गावच्या पाटलांमार्फत ठेवली आणि कसणाऱ्याचा मिरासी हक्क मानला. पुणे आणि सुपे भागाची घडी पुन्हा बसविताना दादोजी कोंडदेवांनी हीच पद्धत पुढे ठेवली, असे इतिहासकार सांगतात. खडकी हे शहर त्याने १६१० च्या सुमारास वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे. त्या शहराला डोंगरातून पाणी आणणारी भूमिगत नहरही त्याचीच.

बायबल वाचणाऱ्याला येथे योसेफ आठवल्याशिवाय राहणार नाही. त्यालाही घरच्यांनीच विकले, तोही परक्या देशात मालकाच्या मर्जीस उतरला आणि शेवटी त्या देशाच्या धान्याचा आणि जमिनीचा कारभारी झाला. आपल्या प्रवचनांतून आपण योसेफाची कथा बहुधा भावांच्या समेटापाशी थांबवितो. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आपण जात नाही. त्या अध्यायात दुष्काळाने गांजलेले मिसरी लोक धान्यासाठी आधी जनावरे, मग जमिनी आणि शेवटी स्वतःला फारोच्या हवाली करतात. आणि हा सौदा योसेफच करतो. जो विकला गेला होता, तोच विकत घेणारा झाला.

मलिक अंबरचेही तसेच झाले. १६१० च्या सुमारास त्याच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असावेत, असा अंदाज एका इंग्रज प्रवाशाने केला होता. त्या हबशांपैकी कितीतरी जण गुलाम म्हणूनच आणलेले होते, त्याच बाजारांतून, त्याच वाटेने. त्याने त्यांना शिकविले, शस्त्रे दिली, वर चढविले. परंतु तो बाजार त्याने बंद केला नाही. त्याची एक जखम मात्र कधी भरली नाही, असे वाटते. डच वृत्तांतात अशी हकिगत आहे की, सुलतान मुर्तजाच्या दुसऱ्या बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणविले, आणि त्यावरून अंबरने सुलतान व बेगम या दोघांनाही विष देवविले. हकिगत खरी असेल तर ते कृत्य घोरच आहे. त्याचे समर्थन करण्याची आमची इच्छा नाही. सारे राज्य हाती असूनही एका शब्दाने मोख्याचा बाजार त्याच्यासमोर उभा राहिला असेल, एवढेच आम्ही म्हणतो.

दुसऱ्याच्या हिशेबाची वही उघडताना आपलीही उघडली पाहिजे. १४५२ साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती लोकांना जिंकून दास करण्याची मुभा देणारे पत्र दिले. त्याच्या आधारावर जे घडले ते गोव्यापर्यंत येऊन पोचले. मोझांबिकमधून आणलेली माणसे गोव्याच्या रस्त्यांवर ख्रिस्ती लोकांनी विकली आणि ख्रिस्ती लोकांनीच घेतली. पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला. तोवर फार उशीर झाला होता. अशा पत्रांवर उभारलेला सिद्धांत व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी जाहीरपणे नाकारला.

गोव्यातून पळालेल्या आणि सुटलेल्या गुलामांचे वंशज आज कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतील रानांत राहतात. त्यांना सिद्दी म्हणतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक असे तिन्ही आहेत. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचे शब्द भरपूर आहेत. धर्म कोणताही असो, हिरियारू या नावाने ते पूर्वजांचे स्मरण करतात. मिस्साला जाणारी कॅथलिक कुटुंबेही त्यात असतात. या गोष्टीकडे काही जण नाक मुरडतात. ज्यांची नावे, भाषा आणि गावे काढून घेतली गेली, त्यांनी आपले वाडवडील तेवढे धरून ठेवले, यात नाक मुरडण्यासारखे काय आहे ते आम्हाला कळत नाही. नोव्हेंबरात आपण आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतोच.

आणि बाजार काही केवळ जुन्या काळचा नाही. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याच भागात उचल घेऊन आलेली जोडपी असतात. मुकादमाचा हिशेब फिटला नाही म्हणून पुढच्या वर्षीचीही बांधीलकी पत्करणारी कुटुंबे त्यांच्यात आढळतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला आहे. ख्रिस्तजयंतीला आपल्यापैकी कोणी त्यांच्या कोप्यांवर फराळ घेऊन जात असतील, तर तेथल्या मुलांची नावेही विचारून घ्यावीत.

मलिक अंबर १६२६ च्या मे महिन्यात मरण पावला. त्याचा मुलगा फत्तेखान याला बापाचे राज्य सांभाळता आले नाही. १६३३ साली त्याने दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. त्यानंतर निजामशाहीतल्या एका बालकाला गादीवर बसवून राज्य टिकविण्याची धडपड केली ती शहाजीराजांनी, म्हणजे इंदापुरी पडलेल्या मालोजींच्या मुलाने. अंबरने परांड्याला जे केले होते, तेच त्यांनी पुन्हा करून पाहिले. १६३६ साली तेही संपले.

अंबरची कबर खुलदाबादला आहे. वेरूळची लेणी पाहावयास गेलेल्यांना तेथून ती जवळच पडते. चापूचे गाव कोणते हे आज कोणालाच ठाऊक नाही. कबरीवरचा घुमट साधा आहे, आणि जवळच दुसरी एक लहान कबर आहे. ती करीमाची.