वीर नरिमन आणि बॅकबेचा हिशेब

मुंबईच्या बी. डी. डी. चाळी आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतल्या आहेत. कोणाचे आजोबा वरळीच्या चाळीत राहिले, कोणाचे मामा नायगावला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी मिळून या इमारती २०७. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट खात्याने त्या बांधल्या, म्हणून हे नाव. त्याच खात्याने त्याच काळात बॅकबेच्या समुद्रात लोकांचा पैसा कसा ओतला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्या पैशाचा हिशेब मागणारे गृहस्थ होते खुर्शेद फ्रामजी नरिमन. त्यांच्या चरित्रातील हा भाग आम्ही येथे मुद्दाम विस्ताराने देत आहोत.

नरिमन यांचा जन्म १८८३ सालचा, ठाण्याचा. व्यवसाय वकिलीचा. स्वराज्य पक्षातर्फे ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले, तेव्हा बॅकबेची भरणी सुरू होऊन काही वर्षे लोटली होती. चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंतच्या उपसागरास भिंत घालावयाची, बंदरातील गाळ यंत्राने उपसून नळांवाटे आत सोडावयाचा आणि ११४५ एकर नवी जमीन निर्माण करावयाची, अशी ती योजना. जमीन विकून खर्च भरून निघेल, हे गृहीतच धरलेले. १८६० नंतरच्या कापसाच्या तेजीत एका खाजगी कंपनीने हाच घाट घातला होता व ती १८६५ च्या मंदीत बुडाली होती, हे सरकारदरबारी कोणास आठवले नसावे!

पहिला अंदाज पावणेचार कोटींच्या आसपासचा होता. दोन-तीन वर्षांत तो दुपटीच्या घरात गेला. गाळ उपसणारे अवाढव्य यंत्र आले, त्यास गव्हर्नरसाहेबांचेच नाव दिले गेले. पण ते अपेक्षेइतका गाळ देईना. जो गाळ आत पडे, त्यातला काही दगडी भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रास मिळे. इकडे युद्धोत्तर तेजी ओसरून जमिनीचे भाव उतरले. लोक या योजनेस लॉइडसाहेबांचा खुळेपणा म्हणू लागले.

द्विदल राज्यपद्धतीत राखीव खात्यांचा खर्च कायदेमंडळाने नामंजूर केला, तरी गव्हर्नरास तो आपल्या अधिकारात पुन्हा मंजूर करता येई. सभासदाच्या हाती उरत ते प्रश्न. नरिमन यांनी ते हत्यार चिकाटीने वापरले. अंदाज कोणी केला, तपासला कोणी, यंत्राची क्षमता कोणत्या आधारावर ठरली, कामावरील अधिकाऱ्यांचे वर्तन कसे होते, याचा त्यांनी पिच्छा पुरविला. सभागृहाबाहेरही ते गप्प बसले नाहीत. अखेर १९२६ साली अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. सर विश्वेश्वरय्या तिचे एक सभासद होते. समितीने आखणीतील व कारभारातील चुकांवर स्पष्टपणे बोट ठेवले.

यापुढचा भाग वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. पैसा बुडाला हे सिद्ध झाले. पण न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहावे लागले ते हिशेब मागणाऱ्यास! नरिमन यांनी केलेल्या आरोपांबद्दल योजनेवरील हार्वे नामक अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. स्वतः वकील असल्याने या खटल्याचा धोका नरिमन पुरता जाणून होते. शिक्षा झाली असती, तर पुढे कोणत्या सभासदाने गोऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध ब्र काढला असता? १९२८ साली ते निर्दोष सुटले. मुंबईकरांनी त्यांस वीर ही पदवी दिली ती याच सुमारास रूढ झाली, आणि आमच्या मते ती यथार्थ होती. लॉइडसाहेबांस मात्र १९२५ सालीच उमरावपद मिळाले होते व ते इजिप्तमध्ये हायकमिशनर होऊन गेले होते.

पुढे सविनय कायदेभंगात तुरुंगवास, १९३५-३६ मध्ये मुंबईचे महापौरपद, असा त्यांचा जीवनक्रम चढता राहिला. १९३७ साली प्रांतिक मंत्रिमंडळाचे नेतृत्व आपल्याकडे येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. निवड बाळासाहेब खेरांची झाली. नरिमन यांनी सरदार पटेलांवर दोषारोप केला. महात्माजी व बहादुरजी यांच्या चौकशीत निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला आणि काँग्रेसमधील त्यांचे स्थान संपले. या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. खेरांची योग्यता वादातीत होती. तथापि नरिमन यांच्यासारख्या माणसाची उरलेली वर्षे अशी बाजूला पडावीत, याचे आम्हांस वाईट वाटते. १९४८ साली ते निवर्तले.

बॅकबेची योजना तेव्हा आवरती घेण्यात आली होती. आठ विभागांपैकी चारच भरले गेले; सुमारे ४४० एकर जमीन झाली व तिच्यातील निम्म्याहून अधिक लष्कराकडे गेली. मधले तीन ते सहा हे विभाग पाण्याखालीच राहिले. स्वातंत्र्यानंतर त्यांच्यातही भराव पडला, आणि त्या नव्या जमिनीच्या टोकास नाव मिळाले नरिमन पॉइंट.