युद्धाचा नफा नाकारणारा कारखानदार : जॉर्ज कॅडबरी

कॅडबरी हे नाव आपल्याकडे इतके रुळले आहे, की कित्येक घरांत ते चॉकलेटचाच प्रतिशब्द होऊन बसले. त्या नावामागच्या माणसाची ओळख मात्र फारशी कुणाला नाही.

जॉर्ज कॅडबरी यांचा जन्म १८३९ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. घराणे क्वेकर पंथाचे. शस्त्र उचलणे हे या पंथात पाप मानले जाई. दारूला पर्याय म्हणून वडील चहा, कॉफी आणि कोको विकत. १८६१ मध्ये वडिलांचा डबघाईला आलेला धंदा जॉर्ज आणि थोरले बंधू रिचर्ड यांनी हाती घेतला. आईकडून मिळालेला वारसा त्यात ओतला. काही वर्षे तोट्यातच गेली. १८६६ मध्ये त्यांनी भेसळविरहित कोको बाजारात आणला आणि दिवस पालटले.

जॉर्ज दर रविवारी सकाळी प्रौढ कामगारांना लिहा-वाचायला शिकवीत. त्यांच्या कोंदट वस्त्या त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. १८७९ मध्ये कारखाना शहराबाहेर बोर्नव्हिल येथे नेला. पुढे तेथे बागा असलेल्या घरांचे गाव वसवले आणि १९०० मध्ये ते स्वतःच्या मालकीतून काढून विश्वस्त निधीच्या हवाली केले. माणसाला माणसासारखे जगता आले नाही तर समाजात शांतता नांदणार नाही, ही त्यांची धारणा होती.

खरी कसोटी लागली ती बोअर युद्धात. दक्षिण आफ्रिकेतील सैनिकांना नववर्षाची भेट म्हणून चॉकलेट पाठवण्याचा राणी व्हिक्टोरिया यांचा मानस होता. राणीचा शब्द मोडवेना आणि युद्धातून कमाई करणे मनाला पटेना. अखेर कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या तिन्ही क्वेकर कंपन्यांनी मिळून काम केले, पण नफा घेतला नाही. डब्यांवर आपले नाव छापायलाही त्या राजी नव्हत्या. युद्धज्वराने देश पेटलेला असताना १९०१ मध्ये जॉर्ज यांनी ‘डेली न्यूज’ या दैनिकात पैसा घातला आणि ते युद्धविरोधी मताचे व्यासपीठ केले. घोड्यांच्या शर्यतींवरील सट्ट्याचा मजकूर आणि दारूच्या जाहिराती बंद केल्या. त्यापायी आलेली झीज सोसली.

तरीही या चरित्राला एक काळी किनार आहे. गोव्याप्रमाणेच त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या साओ टोमे बेटावरून कंपनीचा बराचसा कोको येई. अंगोलातून आणलेले मजूर तेथे कराराच्या नावाखाली गुलामीत राबत. १९०१ पासून ही कुणकुण कंपनीच्या कानांवर होती. चौकशीसाठी माणसे धाडली, लिस्बनशी वाटाघाटी झाल्या, परंतु खरेदी थांबायला १९०९ साल उजाडले. या दिरंगाईवर टीका करणाऱ्या ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्रावर कंपनीने बदनामीचा दावा लावला. कंपनी तो जिंकली खरी, पण ज्यूरीने भरपाई ठरवली अवघी एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. नीतीचा झेंडा मिरवणाऱ्या उद्योगाला आपल्या कच्च्या मालाचीही जबाबदारी टाळता येत नाही, हा धडा त्या फार्दिंगने शिकवला.

पहिल्या महायुद्धाने तर घरातच दोन वाटा पाडल्या. पुत्र लॉरेन्स क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात जखमींच्या सेवेला गेले, तर एग्बर्ट यांनी वैमानिक होऊन जर्मन झेपेलिन पाडले.

१९२२ मध्ये जॉर्ज यांचे निधन झाले. पत्नी एलिझाबेथ यांनी शांततेचे कार्य पुढे चालवले. त्यासाठी आयुष्याच्या उत्तरार्धात, १९३६ मध्ये, जागतिक महिला परिषदेच्या निमित्ताने त्या कोलकात्यालाही येऊन गेल्या.

एका कारखानदाराला युद्ध थांबवता आले नाही. मात्र युद्धाच्या पैशाला नकार देता येतो आणि लोकमताविरुद्ध उभे राहता येते, एवढे त्यांनी दाखवून दिले. ज्या ठिकाणी ते उशिरा जागे झाले, तो उशीरही आजच्या उद्योगांनी विसरू नये असाच आहे.