साने गुरुजी : श्याम आणि अस्पृश्यतेचा प्रश्न

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे, परंतु त्यांच्या बालपणीच वैभव ओसरून घरात दारिद्र्य आले होते. सोवळेओवळे मात्र पूर्वीसारखेच राहिले. १९१७ मध्ये आई यशोदाबाई निवर्तल्या, तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा उगम या वियोगात आहे. मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणूनच ते वाचण्याची रूढी पडली आहे. तथापि जातिभेदाच्या वातावरणात वाढणाऱ्या मुलाच्या मनाचा आलेख म्हणून ते पाहिले, तर लेखकाच्या उत्तरायुष्याची संगती अधिक स्पष्टपणे लागते.

१९२४ पासून साने अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांचा तमिळशी परिचय झाला. पुढे त्यांनी तिरुक्कुरळ मराठीत आणला. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी श्यामची कथा लिहिली. त्याच शहरात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मार्च १९३० मध्ये सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाला तेव्हा तीन वर्षे पूर्ण होत आली होती. ग्रंथात या लढ्याचे वर्णन नाही. ज्या प्रश्नासाठी तो लढा होता, तो मात्र एका लहानशा प्रसंगातून तेथे येतो.

एका महार म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडलेली असते. कोणी हात लावीत नाही. आई श्यामला ती तिच्या डोक्यावर चढवून द्यावयास सांगते आणि नंतर घरी येऊन स्नान करण्यासही सांगते. श्यामला लोकांचे भय वाटते, तरी तो जातो. येथे समभाव उपदेशाने येत नाही. आधी हात पुढे होतो, मन मागाहून पोहोचते. आई रूढी मोडीत नाही. रूढीतूनच माणुसकीपुरती वाट काढते.

या वाटेची मर्यादाही त्या स्नानातच आहे. मदत करणारा हात पुन्हा शुद्ध करून घ्यावा लागतो. शिवाय प्रसंग दिसतो तो श्यामच्या नजरेतून. म्हातारीचे अनुभवविश्व कथेच्या बाहेरच राहते. ते आतून सांगणारे लेखन मराठीत पुढे दलित आत्मकथनांतून आले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. करुणा आणि समता यांतील अंतर या दोन ग्रंथांच्या शेजारवाचनाने ध्यानात येते.

ते अंतर कापण्याचा प्रयत्न साने यांनी साहित्यात नव्हे, जीवनात केला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी, मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर, ते सुटले. आईने श्यामसाठी शोधलेली वाट घराच्या न्हाणीघरापाशी संपत होती. या उपोषणात स्नानाची तडजोड उरली नव्हती. सत्य नजरेआड करता येणार नाही : दार उघडविण्यासाठी प्राण पणाला लावणारा येथेही सवर्णच होता, आणि नाशिकला ज्यांनी स्वतःच्या हक्कासाठी सत्याग्रह केला त्यांना दार उघडून मिळाले नव्हते.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. एका प्रांताने दुसऱ्याची भाषा शिकावी, त्याचे साहित्य आपलेसे करावे, हा तिचा गाभा. तुरुंगात तमिळ शिकणाऱ्या माणसाचीच ही कल्पना होय. परक्या मानलेल्या माणसाच्या ओझ्याला हात लावणे आणि परक्या मानलेल्या भाषेत प्रवेश करणे, ही त्यांच्या लेखी एकाच शिक्षणाची दोन अंगे होती.

११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला त्यांच्याकडे भावुकतेचा लेखक म्हणून न पाहता, बालपणीच्या एका अपुऱ्या धड्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणारा लेखक म्हणून पाहणे अधिक फलदायी ठरेल.