कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे

कृष्णाकाठच्या मुलखात जमखंडी हे एक लहानसे संस्थान होते. तेथे 23 एप्रिल 1873 रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म झाला. घर मराठ्यांचे, परंतु दारी आणि बाजारी कानडीचा व्यवहार. त्यामुळे दोन्ही भाषा त्यांच्या कानांवर लहानपणापासूनच पडल्या. वडील रामजीबाबा हे पंढरीचे वारकरी. भजन आणि अतिथी यांना त्या घरी कधी मज्जाव नव्हता. पुढे घरास दारिद्र्य आले, पण तो उंबरठा अरुंद झाला नाही. अण्णासाहेब शिंद्यांच्या पुढील कार्याचे मूळ येथे आहे. विलायतेत जे मिळाले ते या बीजावर पडलेले पाणी होय.

उच्च शिक्षणासाठी ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात आले. पैशाची चणचण सदैव असे. अशा वेळी बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती देऊन त्यांस हात दिला. 1898 साली ते बी. ए. झाले. प्रार्थना समाजाच्या सहवासात त्यांचे मन धर्मकार्याकडे वळले होते. युनिटेरियन पंथीयांच्या साह्याने 1901 मध्ये ते ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात गेले आणि दोन वर्षे त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. 1903 मध्ये स्वदेशी परतल्यावर ते मुंबईस प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. सरकारी नोकरीची किंवा वकिलीची वाट मोकळी असताना एका पदवीधर तरुणाने प्रचारकाचे तुटपुंजे वेतन पत्करावे, याचे त्या काळी पुष्कळांना नवल वाटले असेल.

प्रचारासाठी हिंडत असता अस्पृश्यांची स्थिती त्यांनी ठिकठिकाणी डोळ्यांनी पाहिली. बडोदे संस्थानातील अंत्यजांच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि 1901 च्या खानेसुमारीतील आकडेही अभ्यासिले. तथापि निश्चय झाला तो अहमदनगरजवळच्या भिंगार येथे. 1905 मध्ये तेथील अस्पृश्य बांधवांच्या रात्रीच्या सभेस ते गेले, आणि आपले उर्वरित आयुष्य कोणाचे आहे हे त्यांस त्या रात्री उमगले.

18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळीची स्थापना झाली. डिप्रेस्ड क्लासेस मिशन या नावाने तीच ओळखली जाई. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर, कार्यवाह शिंदे. दामोदरदास सुखडवाला यांनी आरंभी 1000 रुपये दिले. परळ येथे पहिली शाळा निघाली. पाठोपाठ वसतिगृह, उद्योगशिक्षणाचे वर्ग, भजन आणि रुग्णसेवा ही अंगे तीस फुटत गेली. केवळ अक्षरओळख करून देऊन मुलास पुन्हा त्याच उपेक्षेत लोटावयाचे नाही, असा शिंद्यांचा कटाक्ष होता. म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एकत्र राहावे, यावर त्यांचा भर असे. त्यांनी आपले बिऱ्हाडच या कामात आणून ठेवले. भगिनी जनाक्का यांनी सासरचा छळ सोसला होता. त्यांना पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत शिकविण्याचे काम भावाने केले, आणि त्याच जनाक्का मिशनच्या सेवेत आपल्या बंधूच्या खांद्यास खांदा लावून उभ्या राहिल्या. स्मारकग्रंथांतून अशी नावे सहसा गळतात. शिंद्यांच्या चरित्रातून मात्र जनाक्कांचे नाव वगळता येत नाही.

पुण्याची शाखा 1908 मध्ये निघाली. तिच्या वास्तूसाठी इंदूरचे श्रीमंत तुकोजीराव होळकर यांनी 20,000 रुपयांची देणगी दिली आणि देवी अहिल्याबाईंच्या नावाने ती वास्तू अहल्याश्रम म्हणून उभी राहिली. हुबळीसारख्या कानडी मुलखातील गावीही मिशनचे काम पोहोचले. या अवधीत 1910 मध्ये प्रार्थना समाजाशी असलेला प्रचारकपदाचा संबंध तुटला, आणि मिळत होते ते वेतनही गेले. पण मिशनच्या कामात खंड पडला नाही.

अस्पृश्यतेचा प्रश्न राष्ट्राचा आहे, हे राष्ट्रसभेने मान्य करावे म्हणून ते अनेक वर्षे झटत होते. 1917 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये, ॲनी बेझंट अध्यक्ष असताना, तसा ठराव संमत झाला. दुसऱ्याच वर्षी मुंबईत सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारक परिषद भरली. लोकमान्य टिळक तेथे आले आणि त्यांनी अस्पृश्यतेच्या विरुद्ध भाषणही केले, परंतु वैयक्तिक आचरणाच्या प्रतिज्ञापत्रकावर सही केली नाही. टाळ्या आणि सही यांमधील हे अंतर शिंद्यांइतके कोणी मोजले नसेल.

त्यांची स्थिती चमत्कारिक झाली होती. सनातन्यांस ते बाटलेले वाटत, ब्राह्मणेतर पुढाऱ्यांस काँग्रेसकडे झुकलेले वाटत. आणि ज्यांच्यासाठी घरदार पणास लावले त्या समाजातील जागृत तरुण विचारू लागले की, आमच्या संस्थेचा कारभार इतरांच्या हाती का असावा? प्रश्न कठोर होता, पण अन्याय्य नव्हता. तो विचारण्याइतके बळ ज्या शिक्षणाने आले, त्यात मिशनच्या शाळांचाही वाटा होताच. 1923 मध्ये शिंदे मिशनच्या जबाबदारीतून मुक्त झाले. सतरा वर्षे जोपासलेली संस्था सोडताना त्यांस क्लेश झाले नसतील असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु त्यांनी तिच्यावर वारसा सांगितला नाही.

पुढे ते मंगळूर येथे ब्राह्म समाजाचे आचार्य म्हणून काही काळ राहिले. शेतकऱ्यांच्या परिषदांतून बोलले. 1930 च्या कायदेभंगात वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांस कारावास घडला. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी रोजनिशी ठेविली आहे. 1933 मध्ये भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आयुष्यभर पायांनी हिंडून जमविलेली माहिती त्यात इतिहास आणि भाषाशास्त्र यांच्या आधारे मांडली आहे. शेवटची वर्षे प्रकृतीच्या अस्वास्थ्यात गेली. 2 जानेवारी 1944 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.