संत गाडगेबाबा : एक गाडगे आणि अर्ध्या शतकाची भ्रमंती

महाराष्ट्राच्या लोकजीवनात संत गाडगेबाबांचे नाव स्वच्छतेशी आणि कीर्तनाशी जोडले गेले आहे. त्यांच्या चरित्राची आणखी एक बाजू म्हणजे त्यांचा प्रवास. 1905 पासून 1956 पर्यंत, म्हणजे सुमारे अर्धे शतक, ते गावोगावी फिरत राहिले. या दीर्घ भ्रमंतीत त्यांच्याजवळचे सामान दोन हातांत मावेल एवढेच होते.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनामुळे लवकर वारल्याने डेबूजींचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळच्या गावी गेले. तेथे त्यांनी गुरे राखली, शेती कसली आणि सावकारी पाशात सापडलेल्या शेतकऱ्याची होणारी फरफट जवळून पाहिली. विवाहानंतर काही वर्षे त्यांनी संसार केला. 1 फेब्रुवारी 1905 रोजी आई, पत्नी कुंताबाई आणि मुले यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले.

घराबाहेर पडलेल्या डेबूजींचा वेश लवकरच त्यांची ओळख बनला. अंगावर चिंध्या जोडून केलेला अंगरखा, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा सरंजाम होता. गाडग्याचा उपयोग अनेक प्रकारे होई. त्यात भाकरी घेता येई, पाणी पिता येई आणि वऱ्हाडातील कडक उन्हात तेच डोक्यावर पालथे घालता येई. बदलण्यासाठी कपडे नाहीत म्हणून गाठोडे नाही आणि चोरीला जाण्याजोगे काही नाही म्हणून राखणही नाही. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणी त्यांना चिंधेबुवा म्हणूनही ओळखत.

सामान नसलेल्या प्रवाशाला प्रत्येक मुक्कामी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. गाडगेबाबांनी या अवलंबनाला भिक्षेचे रूप येऊ दिले नाही. गावात शिरताच ते खराट्याने रस्ते आणि गटारे झाडू लागत. अन्न मागण्याआधी ते काहीतरी काम करून देत. रात्री कीर्तनातून ते कर्जबाजारीपणा, दारू, पशुहत्या आणि अस्पृश्यता यांवर श्रोत्यांना प्रश्न विचारून बोलते करीत. त्यानंतर ते पुढच्या गावाची वाट धरत.

या निःसंग जीवनाची किंमत त्यांच्या कुटुंबाने मोजली. कुंताबाई आणि मुलांच्या वाट्याला कष्टाचे जिणे आले. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन सुरू असताना मुलगा गोविंद याच्या निधनाची वार्ता त्यांना मिळाली. ती ऐकूनही त्यांनी कीर्तन थांबवले नाही.

स्वतः ओझे न बाळगणाऱ्या या प्रवाशाने इतरांसाठी मात्र मोठमोठ्या वास्तू उभारल्या. कमी सामानानिशी निघणे गाडगेबाबांनी स्वखुशीने स्वीकारले होते. गरीब यात्रेकरूला मात्र दुसरा पर्यायच नव्हता. अंथरूण, भांडी आणि पैसा नसलेल्या माणसाला मुक्कामी छप्पर मिळाले नाही, तर त्याची यात्रा हालअपेष्टांची होते. दलित वारकऱ्याला तर पंढरपुरात पैसे मोजूनही निवारा मिळणे कठीण होते. ही उणीव ओळखून गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, देहू आणि आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे त्यांनी घाट बांधला. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांची सोय केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. या संस्थांची व्यवस्था पाहण्यासाठी 8 फेब्रुवारी 1952 रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. लाखो रुपयांची ही कामे उभी राहिली, तरी बाबांच्या हातातील गाडगे कायम राहिले.

त्यांच्या सहवासात आलेल्या तरुणांमध्ये पुढे कादंबरीकार आणि दुर्गभ्रमंतीकार म्हणून नावारूपाला आलेले गो. नी. दांडेकर होते. किशोरवयात घर सोडलेल्या दांडेकरांनी बाबांबरोबर पायपीट केली आणि पुढे नर्मदा परिक्रमाही केली.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांचे निधन झाले. डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. 2000-01 मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. 2005 मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

पुणे, मुंबई, बंगळुरू अशा शहरांतील तरुण आज दोन-चार दिवसांच्या भटकंतीला लहानशी पाठपिशवी घेऊन निघतात. वाटेत निवारा, पाणी आणि जेवण मिळेल या भरवशावर ते पिशवीतील एकेक वस्तू कमी करतात. ज्यांच्याकडे पिशवीच नव्हती आणि ज्यांना असा भरवसाही नव्हता, त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी मुक्कामाची जागा उभी केली. मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत दूरदूरच्या गावांतून उपचारासाठी येणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही उतरतात.