मुंबईचा प्लेग ओळखणारे डॉ. व्हिएगस

मुंबईत धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोरून रोज हजारो माणसे जातात. तेथे उभा असलेला पुतळा कोणाचा, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते. तो पुतळा डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या एका वस्तीत रुग्णाच्या अंथरुणाशी बसून या डॉक्टरांनी जे निदान केले, त्याचे पडसाद मुंबईपासून पुणे, सोलापूर आणि पुढे साऱ्या देशात उमटले.

व्हिएगस मूळचे गोव्याचे. १ एप्रिल १८५६ रोजी बार्देशातील हडफडे या गावी त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते लहान वयातच मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. त्यांनी व्यवसायासाठी निवडलेला भाग मात्र सुखवस्तू नव्हता. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची वखार. गोण्यांच्या थप्प्या, उंदरांचा सुळसुळाट, अंधाऱ्या चाळी आणि एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबे असे तिथले चित्र होते. पुढे व्हिएगस महापालिकेवर निवडून गेले आणि स्थायी समितीचे सदस्य झाले. रुग्णाची नाडी आणि शहराचा कारभार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती असणे पुढे फार मोलाचे ठरणार होते.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीत ताप वाढला. तापाचे मुंबईला नवल नव्हते. हिवताप होता, विषमज्वर होता, उलटून येणारा ताप होता. वखारींतून उंदीर मरून पडत होते, त्याकडे मात्र फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते. नवरोजी हिलच्या वस्तीत रुग्ण पाहताना व्हिएगस यांना या तापाची चाल वेगळी दिसली. एकाएकी चढणारा ताप, लाल डोळे, झिंगल्यासारखी अवस्था, वात आणि जांघेत किंवा काखेत हात लावू न देणारी दुखरी गाठ. धडधाकट माणूस तीन-चार दिवसांत हातचा जात होता.

आजच्या वाचकाला त्या निदानातील जोखीम सहज उमगणार नाही. त्या काळी डॉक्टरच्या बॅगेत तापमापक असे आणि स्टेथोस्कोप असे. बाकी सारे काम डोळ्यांचे आणि बोटांचे. जांघेतील गाठ अनेक कारणांनी येते. पायाला झालेल्या जखमेनेही अवधाण येते, गुप्तरोगातही गाठी सुजतात. तेव्हा गाठ हाताला लागली एवढ्यावरून प्लेग म्हणता येत नाही. गाठ आधी की ताप आधी, पायावर जखम आहे की नाही, शेजारच्या खोलीत कोण आजारी आहे, या चाळीत आठवड्यात किती माणसे दगावली, हे सारे विचारून मग मनाशी ताळा जमवावा लागतो. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. पण मुंबईतील गल्लीबोळाच्या डॉक्टराजवळ ना प्रयोगशाळा होती, ना कोणी मुंबईत प्लेग पाहिला होता. व्हिएगस यांचे वेगळेपण इथेच दिसते. त्यांनी कधीही न पाहिलेला रोग ओळखला.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी स्थायी समितीपुढे मांडवीतील हा रोग गाठीचा प्लेग असल्याचे सांगितले. असे जाहीर करणे हे काही साधे धाडस नव्हते. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर. प्लेगचे नाव निघताच युरोपातील बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे लावणार, कापसाचा आणि धान्याचा व्यापार बसणार, हे पालिकेतील प्रत्येकाला कळत होते. आणि निदान चुकले असते, तर शहराला विनाकारण हादरा देणारा म्हणून याच डॉक्टराकडे बोट दाखवले गेले असते. आरोग्य खात्याच्या भाषेत हा आजार सुरुवातीला केवळ संशयास्पद ताप होता. मग तज्ज्ञांच्या चार स्वतंत्र पथकांनी रुग्ण तपासले आणि व्हिएगस यांचे निदान खरे ठरले. ऑक्टोबरात कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन आले आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूही दिसला. मांडवीच्या डॉक्टराने बोटांनी जे सांगितले होते, तेच काचेने सांगितले.

पुढचा अध्याय मात्र दुःखद आहे. ६ ऑक्टोबर रोजी पालिका आयुक्तांनी रुग्णांना सक्तीने हलविण्याचे आणि घरे रिकामी करण्याचे व्यापक अधिकार आपल्याकडे घेतले. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची समजूत होती आणि मृत्यूचे प्रमाण पाहता ती अगदीच निराधार नव्हती. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी नियम सैल करावे लागले. निदान म्हणजे उपचाराची पहिली पायरी, असे डॉक्टर मानतो. चाळीतल्या कुटुंबाला मात्र तेच निदान म्हणजे घरातून माणूस उचलून नेण्याचे फर्मान वाटत होते. लोक गाठी लपवू लागले, प्रेते लपवू लागले. शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गावाकडे पळाली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती, १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आलेली दिसते.

पळणाऱ्यांबरोबर रोगही रेल्वेत बसला. पुण्यात पोचला, सोलापुरात पोचला. मुंबई-मद्रास लोहमार्ग सोलापूरच्या पुढे अक्कलकोट रोड स्थानकावरून रायचूरकडे जातो. तेव्हा अक्कलकोट हे छोटे संस्थान होते आणि सोलापूरचा कलेक्टर तेथे सरकारचा पोलिटिकल एजंट असे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला, जो पुढे २०२० मध्ये करोनाच्या वेळीही वापरला गेला. १० मार्च १८९७ रोजी रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले. त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. महाराष्ट्राच्या इतिहासातील ही सारी प्रकरणे आपण शाळेत शिकतो. त्या साखळीच्या पहिल्या कडीपाशी उभा असलेला हडफड्याचा डॉक्टर मात्र धड्यात नसतो.

निदान जाहीर करून व्हिएगस स्वस्थ बसले नाहीत. वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यांचा त्यांनी आग्रह धरला. प्लेग उंदरावरील पिसवेमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखविले ते १८९८ साली. म्हणजे व्हिएगस यांचा आग्रह पुराव्याच्या पुढे धावत होता. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक या लसीला घाबरत होते. अशा वेळी व्हिएगस यांनी सुमारे १८ हजार लोकांना आपल्या हाताने ती टोचली, असे सांगितले जाते. घरोघरच्या डॉक्टरावर असलेला विश्वास सरकारी पथकाला मिळत नाही, हा अनुभव तेव्हाही आला होता.

१९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंत देशात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले होते आणि या रोगावर खात्रीचे औषध अजून हाती आलेले नव्हते. प्रतिजैविकांचा काळ त्यानंतरचा.

प्लेग पुन्हा येणार नाही, असा समज १९९४ मध्ये मोडला. बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठी दिसल्या, पाठोपाठ सुरत हादरले. हा खरोखर प्लेग आहे काय, यावर डॉक्टरांत आणि प्रयोगशाळांत कित्येक दिवस वाद चालला, तोवर सुरतेहून लाखो माणसे बाहेर पडली होती. पुढे मादागास्करमधील पाश्चर संस्थेत एक चाचणीपट्टी तयार झाली. तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठीतील थेंबभर द्रव घेऊन रुग्णाच्या अंथरुणाशीच ती वापरता येते आणि १५ मिनिटांत उत्तर मिळते.